कात्रीबाई आणि फोटोखालची ओळ

कात्रीबाईंना लांब वाक्य दिसलं की त्यांचा हात आपोआप पेन्सिलीकडे जायचा. ते वाक्य कोणाचं आहे, कुठे छापलंय, याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. माझ्या चुलतभावाच्या लग्नाची पत्रिका द्यायला काका त्यांच्याकडे गेले, तेव्हा त्यांनी ती तिथल्या तिथे वाचली आणि काकांच्या देखत 'सहकुटुंब', 'सहपरिवार' आणि 'अगत्याने' या तीन शब्दांवर बारीक रेघ ओढली. "कोण, कोणाशी, कुठे, कधी. एवढंच तर सांगायचंय तुम्हाला," म्हणाल्या आणि पत्रिका काकांच्याच हातात परत दिली. काकांनी घरी येऊन ती पत्रिका आईपुढे टाकली. आई तोंडाला पदर लावून हसत होती.

बडोद्याच्या दांडिया बाजारातली मराठी घरं त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. 'कात्रीबाई' हे नाव आम्ही शाळेतल्या मुलांनी ठेवलेलं. त्या आम्हाला मराठी शिकवायच्या. निबंध तपासून आला की पानावर आमच्या अक्षरापेक्षा त्यांच्या रेघा जास्त असत. पण त्या कधी रागावल्या नाहीत. वाक्यावर बोट ठेवायच्या आणि विचारायच्या, "हे इथे कोणाकडे आलंय?" दारात कोणी अनोळखी माणूस उभा असावा तसं. मुलगा चाचरत सांगायचा, "बाई, ते निसर्गाचं वर्णन आहे." "बरं. निसर्गानं बोलावलं होतं का त्याला?" सगळा वर्ग हसायचा, ज्याचं वाक्य तोही हसायचा. एकदा कोणीतरी फळ्यावर भली मोठी कात्री काढून ठेवली. बाईंनी ती पुसली नाही. उरलेल्या जागेत लिहीत त्यांनी तास पूर्ण केला.

एका बाबतीत मात्र त्यांची पेन्सिल थांबायची. आमच्या लिहिण्यात गुजराती शब्द यायचेच. आजोबा ओटल्यावर, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, बसून छापू वाचतात, असं माझ्या मैत्रिणीनं निबंधात लिहिलं होतं. पुण्याहून पाहणीला आलेल्या एका गृहस्थांनी ती वही उचलून विचारलं, 'वर्तमानपत्र' हा शब्द मुलांना शिकवत नाही का? बाई म्हणाल्या, "शिकवते ना. पण हिच्या घरी वर्तमानपत्र येत नाही, छापूच येतं." गृहस्थ गेल्यावर आम्हाला म्हणाल्या, "बडोद्याच्या मराठीतून गुजराती काढली, तर आपण कुठले ते कोणाला कळेल?" त्या दिवशी मला वाटलं, ही बाई आपल्या बाजूची आहे. पुढे खूप वर्षं मला तसंच वाटत राहिलं.

शाळेनंतर मी कॉम्प्युटर शिकले. आता मी घरी बसून लोकांच्या वेबसाइट बांधते. मांडवीतले साडीवाले, दातांचे डॉक्टर, पाणीगेटचा एक पतंगवाला, अशी माझी गिऱ्हाइकं. एका सकाळी बाईंचा फोन आला. तोवर त्या निवृत्त झाल्या होत्या. "वृंदा, तू म्हणे कॉम्प्युटरवर लोकांना दुकानं मांडून देतेस. मलाही एक मांडून दे. विकायला काही नाही माझ्याकडे, सांगायला आहे." त्यांना बडोद्याच्या मराठी माणसांवर ब्लॉग लिहायचा होता. "संस्थान गेलं, कचेऱ्या गेल्या. त्या कारकुनांची आणि मास्तरांची नातवंडं आता गुजरातीत भांडतात. भांडू देत. पण कोणीतरी लिहून ठेवायला हवं." ब्लॉगचं नाव त्यांनी आधीच ठरवलं होतं. 'ओटला'.

मग दर गुरुवारी दुपारी मी त्यांच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत जाऊ लागले. त्या झोपाळ्यावर बसत, मी खाली चटईवर लॅपटॉप घेऊन. गवती चहा घातलेला चहा आणि तूप-मेतकूट लावलेला खाखरा, हा गुरुवारचा ठरलेला खाऊ. त्या सांगत, मी टाइप करी, आणि टाइप झालेलं वाचून दाखवलं की त्या स्वतःचंही निम्मं कापत. काही दिवसांनी म्हणाल्या, "आता तू लिही." मी आजोबांवर लिहून नेलं. त्यांनी पहिले दोन परिच्छेद वाचले, तिसऱ्यावर बोट ठेवलं. "तुझा लेख इथून सुरू होतो."

"आणि वरचं?"

"वर तू चपला काढत होतीस."

मला जे काही लिहिता येतं, ते त्या चटईवर आलं. हे आज कबूल करताना जीभ जड होते, पण ते खरं आहे.

त्याच वर्षी आई आजारी पडली. बाई रोज दुपारी इस्पितळात येत. डब्यात पातळ खिचडी आणि पिशवीत त्या दिवशीचं छापू. आईच्या उशाशी बसून त्या बातम्या वाचून दाखवत, आणि वाचता वाचता कापत. "मंत्री म्हणाले की, ... पुढे काही नाही, सोडून देऊ." आईला हसताना धाप लागायची, तरी ती त्यांच्या येण्याची वाट पाहायची. आई गेली तेव्हा छापूत द्यायचा मजकूर काकांनी लिहिला होता. 'प्रेमळ', 'मनमिळाऊ', 'धर्मपरायण' असा. बाईंनी तो कागद हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि सगळं काढून एकच वाक्य लिहिलं : 'घरातलं शेवटचं माणूस जेवल्याशिवाय त्या कधी जेवल्या नाहीत.' बाबांनी ते वाचलं आणि पहिल्यांदा रडले. त्या घटकेला बाईंनी माझ्याकडे काहीही मागितलं असतं तरी मी दिलं असतं.

त्यांनी मागितलं ते बाबांकडे, आणि बरंच नंतर.

बाबा बँकेत होते. दर रविवारी सकाळी कॅमेरा गळ्यात अडकवून ते सायकलवर निघत. खंडेराव मार्केट, मांडवी, पाणीगेट, नाहीतर कोणाच्या तरी घरचं मंगळागौरीचं जागरण. देखावे त्यांनी फारसे टिपले नाहीत. टिपली माणसं. आणि ज्याचा फोटो काढला त्याला नाव विचारल्याशिवाय ते तिथून हलत नसत. घरी येऊन फोटोच्या मागे पेन्सिलीनं ओळ लिहीत. 'जशीबेन, लिंबू विकतात. नवरा टांगा हाकायचा. खंडेराव मार्केट.' 'गणपत घडशी, चौघडा वाजवायचे. आता बंद.' आई कधीकधी चिडवायची, इतकी नावं घेऊन काय जनगणना करायचीय? बाबा म्हणायचे, "नाव न विचारता तोंड घेऊन यायचं, हे बरं नाही."

'ओटल्या'वर बाईंचे लेख होते, पण पान कोरडं दिसायचं. एका संध्याकाळी त्या स्वतः आमच्या घरी आल्या. बाबांनी फोटोंच्या पेट्या काढल्या. बाई एकेक फोटो हातात घेऊन उलटा करून मागची ओळ वाचत होत्या.

"पोतनीस, हे सगळं 'ओटल्या'वर द्या."

"देतो," बाबा म्हणाले. "पण फोटोखालची ओळ काढायची नाही. तुमची कात्री ठाऊक आहे, म्हणून आधीच सांगतो."

बाई मोठ्यानं हसल्या. "या ओळींना मी हात लावणार नाही. माझा शब्द. आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी तुमचं नाव घालायचं."

"माझं कशाला?"

"आधी त्यांचं, मग तुमचं. नाव विचारणाऱ्यालाही नाव असतं."

बाबांना ते वाक्य इतकं आवडलं की त्यांनी त्या रात्री जेवताना मला ते पुन्हा म्हणून दाखवलं. त्याप्रमाणे मी प्रत्येक फोटोखाली त्यांची ओळ घातली आणि पुढे लिहिलं, 'छायाचित्र : मधुकर पोतनीस'.

फोटो आल्यावर 'ओटला' उजळला. पण एक खोट राहिली. ब्लॉगच्या पहिल्या पानावर अख्खा लेख दिसत नाही. प्रत्येक लेखाचे सुरुवातीचे थोडे शब्द दिसतात आणि खाली 'पुढे वाचा' असतं. हे शब्द थीम, म्हणजे ब्लॉगचा तयार साचा, आपणहून उचलते. उचलताना चित्र वेगळं काढून वर लावते, पण चित्राखालची ओळ ही तिच्या लेखी मजकूरच असते, म्हणून ती ठेवते. आमचे फोटो लेखाच्या अगदी वर असत. त्यामुळे पहिल्या पानावर प्रत्येक लेख असा सुरू व्हायचा : 'जशीबेन, लिंबू विकतात. नवरा टांगा हाकायचा. खंडेराव मार्केट. छायाचित्र : मधुकर पोतनीस मार्केटात सकाळी पहिला आवाज येतो तो...' बाबांचं आडनाव आणि बाईंचं पहिलं वाक्य एकमेकांत अडकलेलं.

बाईंनी ते पाहिलं आणि झोपाळा पायानं थांबवला. "हे कोण माझ्या वाक्याच्या आधी येऊन बसलंय?"

मी समजावून सांगितलं. म्हटलं, काढता येईल. थीममध्ये थोडा कोड घातला, की लेखाचा तुकडा पाडण्याआधी फोटोखालच्या ओळी बाजूला काढल्या जातील. लेख उघडला की ओळ जागच्या जागी असेल. फक्त पहिल्या पानावर दिसणार नाही.

"मग कर की," त्या म्हणाल्या.

मी आधी बाबांना विचारलं. त्यांनी विचारलं, "लेख उघडल्यावर आहे ना?"

"आहे."

"मग चालेल. तसंही ते वाचायला विचित्रच लागतं."

मी तो कोड लिहिला. काम लहान होतं. पहिलं पान स्वच्छ झालं. वर मोठा फोटो, खाली बाईंची दोन-तीन वाक्यं. बाई खूश झाल्या. मलाही आपलं काम नेटकं झाल्याचं समाधान वाटलं.

त्यानंतर 'ओटला' लोकांत पसरला. वाचकांना दर आठवड्याला मेल जायचा, त्यातही लेखाचा तोच तुकडा. तो लोक पुढे पाठवत. पुण्यातले, कॅनडातले, बडोदं सोडून गेलेले लोक फोटोत आपल्या आत्या-मावश्या शोधत. पण 'पुढे वाचा'वर बोट ठेवणारे थोडे. बहुतेकांना दिसायचा तो फोटो, खाली तीन वाक्यं आणि वर ब्लॉगचं आणि बाईंचं नाव. रस्त्यात भेटणारे बाईंना म्हणू लागले, "फोटो काय सुंदर काढता हो तुम्ही." मी पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा भाजीवाल्याकडे त्यांच्या शेजारीच उभी होते. बाईंनी मान हलवली आणि भाजीचा भाव विचारला. मी घरी येताना स्वतःला समजावलं, की बाईंना लांबण लावायला आवडत नाही, भाजीच्या रांगेत कुठे खुलासा करत बसणार.

पुढे पुढे गुरुवार चुकू लागले. कधी त्यांना बरं नसे, कधी पाहुणे असत. लेख त्या स्वतःच चढवायला शिकल्या होत्या. मधूनच एखाद्या फोटोची मोठी प्रत मागत, मी पाठवून देई. कशासाठी ते मी विचारलं नाही. बाईंना कोणी असं विचारतं का?

एके दिवशी फोनवर निमंत्रण आलं. मला वेगळं नव्हे, शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर. 'ओटला'चं पुस्तक होतंय, प्रकाशन आणि बाईंचा सत्कार. मला आधी सांगितलं नाही याचं वाईट वाटलं, पण वाटलं, बाईंना आम्हाला चकित करायचं असेल. बाबा तर हरखून गेले. त्यांनी लग्नकार्यात घालायचा कोट काढला. दाढी केली. रिक्षात बसल्यावर म्हणाले, "जशीबेनची लेक अजून मार्केटात बसते. एक प्रत तिला नेऊन देऊ."

हॉल भरला होता. आम्हाला मागे जागा मिळाली. दाराशी पुस्तकं मांडली होती, त्यातलं एक मी विकत घेऊन बाबांच्या मांडीवर ठेवलं. मुखपृष्ठावर जशीबेन. बाबांनी खिशातून भिंग काढलं आणि पहिलं पान उघडलं. तिथे छापलं होतं, 'लेखन आणि छायाचित्रे', आणि खाली बाईंचं नाव.

मी ते वाचलं, पुन्हा वाचलं. मग पुढची पानं पाहिली. फोटो सगळे होते. मोठे, सुरेख छापलेले. एकाही फोटोखाली ओळ नव्हती. शेवटी आभाराचं पान होतं. त्यात प्रकाशक होते, मुलगा-सून होते, आणि 'तांत्रिक मदतीसाठी वृंदा' होती. बाबा नव्हते.

बाबा पानं उलटत होते. भिंग प्रत्येक फोटोखालच्या पांढऱ्या जागेवर नेऊन थोडा वेळ धरत होते. छपाई बारीक असेल, म्हणून दिसत नसेल, असं त्यांना वाटत असावं. मला त्यांचा हात धरवेना. शेवटी म्हणाले, "वृंदा, जशीबेनचं नावही नाही गं."

तेवढ्यात बाई बोलायला उभ्या राहिल्या. नेहमीसारख्याच मोजकं बोलल्या. म्हणाल्या, "रविवारच्या सकाळी सायकल घेऊन बाहेर पडायची सवय होती. माणूस दिसला की थांबायचं, नाव विचारायचं आणि मगच कॅमेरा उचलायचा." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

नाव गळलं, हे मी अजून छपाईच्या, घाईच्या, प्रकाशकाच्या माथी मारत होते. पण ती सायकल बाबांची होती. रविवार बाबांचे होते. बाईंना सायकल चालवता येत नव्हती, हे त्यांनीच मला चहा पिताना सांगितलं होतं. बाबांनी पुस्तक मिटलं, भिंग खिशात ठेवलं आणि म्हणाले, "चल, घरी जाऊ." घरी कोट हँगरला लावताना एवढंच म्हणाले, "आईच्या वेळी फार केलं त्यांनी. तू भांडू नकोस."

मी दुसऱ्याच दिवशी गेले. बाई झोपाळ्यावर होत्या. शेजारी हार आणि शाल. मला पाहून त्यांना आश्चर्य वाटलं नाही.

"बस. चहा टाकते."

"चहा नको. बाबांचं नाव का नाही, बाई?"

त्यांनी झोपाळा हलकेच झुलवला. "प्रकाशकाला फोटोखाली ओळी नको होत्या. पान मोकळं हवं होतं. नाव ओळीतच होतं. ओळ गेली, नाव गेलं."

"पुस्तकाच्या पहिल्या पानावर 'छायाचित्रे'खाली तुमचं नाव आहे, ते तर ओळीत नव्हतं."

त्यांनी शेजारच्या शालीची घडी नीट केली. मग म्हणाल्या, "ब्लॉगवरून ओळी कोणी काढल्या? तूच ना? तेव्हा तुझे बाबा म्हणाले, चालेल."

मला ऐकू आलं ते खरं वाटेना. माझ्या हातचं साधं काम, त्यांच्याच सांगण्यावरून केलेलं, त्यांनी जपून ठेवलं होतं आणि आज माझ्यासमोर पुरावा म्हणून धरलं होतं.

"ते फक्त ब्लॉगच्या पहिल्या पानावर होतं. आत ओळी होत्या. तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता," बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. खूप दमलेला आवाज होता. "आयुष्यभर दुसऱ्यांचं लिहिलेलं नीट केलं गं मी. या शहरातली निम्मी मराठी पुस्तकं माझ्या पेन्सिलीखालून गेली. एकावरही माझं नाव नाही. कोणी विचारलं नाही, मीही मागितलं नाही. लोक म्हणू लागले, फोटो तुमचे सुंदर आहेत. पहिल्यांदा नाही म्हणायचं राहून गेलं. मग ते ऐकायला बरं वाटू लागलं."

"म्हणजे नाव नसलं की कसं वाटतं, ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं."

"हो."

"तरी?"

"तरी," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, पुढच्या आवृत्तीत नाव घाला, आणि ब्लॉगवर चार ओळींचा खुलासा द्या. त्या म्हणाल्या, बघते. त्या कशालाही 'बघते' म्हणत नसत. हो म्हणत, नाहीतर नाही म्हणत. ते 'बघते' ऐकलं आणि मी उठले. घरी येऊन ब्लॉगच्या सगळ्या चाव्या, म्हणजे पासवर्ड वगैरे, त्यांना पाठवून दिल्या. खाली माझं नाव लिहिलं नाही.

खुलासा आला नाही. बाबांनी विषय काढला नाही. पण त्यांचा रविवार बंद पडला. सायकल जिन्याखाली गेली. कॅमेऱ्याचं विचारलं, तर म्हणत, डोळे आता साथ देत नाहीत. डोळे पूर्वीही फारसे साथ देत नव्हते. एकदा मी त्यांना बळेच खंडेराव मार्केटात नेलं. जशीबेनची लेक लिंबांच्या ढिगामागे बसली होती. तिनं हाक मारून आपल्या बाचं, म्हणजे आईचं, विचारलं, "काका, बाचा फोटो पुस्तकात आलाय ना? कोणीतरी सांगत होतं. मला दाखवा ने." बाबा म्हणाले, "आणतो बेटा." घरात ते पुस्तक होतं. त्यांनी ते नेलं नाही. जुन्या फोटोची एक प्रत काढून आणायला मला सांगितलं, तिच्याखाली स्वतःच्या हातानं ओळ लिहिली आणि ती तिला नेऊन दिली. स्वतःचं नाव लिहिलं नाही. मी म्हटलं तेव्हा म्हणाले, "राहू दे."

बऱ्याच महिन्यांनी बाईंचा फोन आला. आवाज पूर्वीसारखा, जणू मधे काही घडलंच नव्हतं.

"अगं वृंदा, पहिल्या पानावर त्या ओळी पुन्हा यायला लागल्यात. सगळ्या लेखांच्या आधी येऊन बसल्यात."

मी पाहिलं. थीमची नवी आवृत्ती आपोआप चढली होती आणि तिनं माझा कोड पुसून टाकला होता. पहिल्या पानावर वरपासून खालपर्यंत प्रत्येक लेखाच्या तोंडाशी बाबांचं नाव होतं. जशीबेन होत्या, गणपत घडशी होते. सगळे बाईंच्या वाक्यांना चिकटून उभे. वाचायला विचित्र लागत होतं, आणि मला इतकं बरं वाटत होतं, की मी काही वेळ नुसती पाहत बसले.

"काढून देतेस का?" बाईंनी विचारलं.

"नाही, बाई."

"कसं करतात ते सांग तरी."

"नाही."

"बरं," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. मला वाटलं, आता त्या राहू देतील. मी ओळी काढल्या नाहीत, तर निदान बाबांचं नाव तरी तिथे टिकेल, असं मी मनाशी धरून बसले होते. रोज उठून ते पान उघडून पाहत होते. एका आठवड्यात ओळी गेल्या. दुसऱ्या कोणाकडून तरी करून घेतलं होतं. काम माझ्यापेक्षा सफाईदार होतं. त्या दिवशी मी रडले. हॉलमध्ये रडले नव्हते, त्यांच्या घरी रडले नव्हते. तेव्हा काय झालं ते उमगायलाच वेळ लागला होता. या वेळी त्यांना नीट विचार करायला वेळ होता, आणि विचार करून त्यांनी पुन्हा तेच केलं होतं.

गेल्या वर्षी बाईंचा मुलगा त्यांना कॅनडाला घेऊन गेला. जाण्याआधी त्या आमच्याकडे आल्या. मी दार उघडलं नाही, बाबांनी उघडलं. मी आतल्या खोलीत होते आणि दार अर्धवट लोटलेलं होतं. बाबांनी स्वतः चहा केला. दोघं तब्येतीबद्दल बोलले, विमानात सामान किती नेऊ देतात याबद्दल बोलले, आईबद्दलही बोलले. बाई म्हणाल्या, "तुमची बायको माझ्या बातम्यांना हसायची ना, तसं नंतर कोणी हसलं नाही." बाबा म्हणाले, "खरं आहे."

मी आत एका वाक्याची वाट पाहत होते. ज्या बाईनं मला शिकवलं, की जे सांगायचं ते पहिल्या वाक्यात सांग, ती बाई बाहेर बसून थंडीबद्दल बोलत होती. मधे नुसती कपबशी वाजली. मी दाराजवळ सरकले. मग खुर्ची सरकली. "आवजो, पोतनीस," असा निरोपाचा आवाज आला. बाबा त्यांना रिक्षापर्यंत सोडून आले.

"काही म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणायचं होतं त्यांना," बाबा म्हणाले. "दोनदा तोंड उघडलं."

"मग?"

"मग काय. नाही जमलं." आणि ते कपबशा विसळायला गेले.

दिवाळीला तिकडून बाईंचा शुभेच्छांचा संदेश आला. एका ओळीचा, शुद्ध, एकही शब्द जास्त नाही. बाबांनी विचारलं, काय लिहिलंय, तेव्हा मी वाचून दाखवला. "उत्तर दे," ते म्हणाले. मी देते म्हटलं. मग मी उत्तर लिहायला बसले. लिहिलं, आणि सवयीनं कापू लागले. आधी राग काढला, मग आठवणी काढल्या, मग 'तुम्हालाही शुभेच्छा' काढलं. शेवटी फक्त 'बाई,' एवढं उरलं. ते पाठवलं नाही, आणि पुसलंही नाही. ते तसंच फोनमध्ये आहे.